खोडकिडा आणि औषधविक्रेता

भाताचा पोंगा, म्हणजे मधला कोवळा कोंब, वाळला, की औषध फवारायलाच हवे का, हा माझा प्रश्न होता. माझ्या भातात काही पोंगे वाळले होते आणि ओढताच बुंध्याशी कुरतडलेले हाती येत होते. हा खोडकिडा. तो वाढला, तर लोंब्या पांढऱ्या व पोचट निघतात आणि घरचा वर्षाचा तांदूळ जातो.

मोलगीच्या बाजारात शेतीची औषधे विकणारे एक गृहस्थ आहेत. त्यांचे नाव मी कधी विचारले नाही. गिऱ्हाइकाने बाटली मागितली, की तिच्यावर हात ठेवून ते म्हणतात, "आधी किडीचं पान लई या."

मी भाताच्या पानाच्या शेंड्यावरचा, तपकिरी लवेने झाकलेला खोडकिड्याच्या अंड्यांचा पुंजका नेला. त्यांनी तो बरणीत घालून तोंडाला घट्ट फडके बांधले.

"पुढला बाजार लोंग थांबा, गुरुजी."

"तोवर अळ्या खोडात शिरतील."

"मंग मीच औषध दिसू. मी काय पळी ऱ्हायनू?" म्हणजे गरज पडलीच, तर औषध द्यायला ते तिथेच असणार होते.

पुढच्या बाजारी बरणीत अळ्या दोन-चारच होत्या. बाकी अंडी आतून खाऊन मुंगीहून बारीक, काळ्या गांधीलमाश्या बाहेर पडल्या होत्या; त्या किडीच्या अंड्यांतच आपली अंडी घालतात.

"आते फवारशात, तर ह्याच मरतीन," असे म्हणून त्यांनी माझ्यासाठी काढलेली बाटली फळीवर परत ठेवली.

नंतर नवे पोंगे वाळले नाहीत. जुन्या बुंध्यांना नवे फुटवे आले आणि मी निश्चिंत झालो. मात्र हे एका शेताचे उत्तर आहे. आपल्या शेतातली अंडी आपण स्वतः तपासावीत, ही विनंती.