न बोलणारं वजन

आमच्या चुलतसासऱ्यांइतकं आपल्या होडीचं कौतुक करणारा आणि त्याच होडीशी रोज भांडणारा माणूस पूर्णगडापासून रत्नागिरीपर्यंत शोधून सापडायचा नाही. होडी त्यांच्या वडिलांनी बांधून घेतलेली, लाकडी. शीड गेलं, वल्ही गेली, मशीन आलं, बंदरातल्या बाकी सगळ्या होड्या फायबरच्या झाल्या, पण काकांची तीच राहिली. तिला कोणी जुनी म्हटलेलं त्यांना खपत नाही. "जुनी काय रे? जाणती म्हण," असं समोरच्याला दटावतात. तिला काजूच्या टरफलांचं तेल चोपडायचं त्या दिवशी स्वतःही डोक्याला तेल घालून न्हातात. घड्याळ त्यांना मान्य नाही. डॉक्टरांनी रत्नागिरीला दहा वाजता बोलावलं तर "दहाला ओहोटी असते, मी भरतीला येतो" म्हणून कळवायला सांगतात, आणि खरंच भरतीला जाऊन बंद दवाखान्याच्या पायरीवर बसून राहतात.

त्यांची सगळ्यात मोठी खोड म्हणजे होडीच्या तळाला साठलेलं पाणी चाखून बघायचं. रोज सकाळी बोट बुडवायचं आणि जिभेला लावायचं. गोडं लागलं तर पावसाचं, खारं लागलं तर कुठेतरी फट पडली. या सवयीपायी घरातही कुठे सांडलेलं पाणी दिसलं की त्यांचं बोट आधी पुढे होतं. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा माझ्या आमटीत असंच बोट बुडवून ते म्हणाले होते, "फट नाय. चांगली झालेय." मी लाजून आत पळाले, पण त्या दिवसापासून मला ते घर आपलं वाटायला लागलं.

गेल्या वर्षी काकांवर बिकट प्रसंग आला. ओहोटीच्या वेळी खाडीचं पाणी मुखातून जोरात बाहेर पडतं. त्या ओढीला काकांचं आठ घोड्यांचं मशीन पुरेना. एकदा तर होडी किल्ल्याखाली तशीच अडकली आणि दुसऱ्यांनी दोर बांधून ओढत आणली. सगळं बंदर बघत होतं. काका दोन दिवस जेवले नाहीत. त्यांचा मुलगा, म्हणजे माझे धाकटे दीर, रत्नागिरीला नोकरीला. रविवारी येऊन ते म्हणाले, "आबा, आता पुरे. एक हॉटेलवाला होडी मागतोय. बागेत ठेवून तिच्यात फुलझाडं लावणार."

"फुलझाडं?" काकांना आधी ऐकूच आलं नाही असं वाटलं. मग म्हणाले, "माझ्या बापसाच्या होडीत झेंडू?"

बरीच बोलाचाली होऊन शेवटी एवढं ठरलं की होडीला पंधरा घोड्यांचं मशीन लावायचं. ते लावून ती ओहोटीत स्वतःच्या पायाने घरी आली आणि नंतर तळातून गळली नाही तर राहील. नाहीतर झेंडू.

काकांनी एका ओळखीच्याकडून वापरलेलं मशीन आणलं आणि देवीला कौल लावला. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली. काकांनी परत लावायला सांगितलं. गुरव म्हणाला, "काकानू, देवीला तेच तेच इचारू नका."

"तेच कुठे? मघाशी मशीन इचारलं. आता मागची फळी आधी जाड करून मग मशीन, असं इचार."

उजवी पडली. मशीन होडीच्या मागच्या फळीला अडकवतात, आणि ती फळी आठ घोड्यांच्या हिशोबाची. आतून जोड द्यायला चांगलं मुरलेलं सागवान हवं. काकांनी सगळं गाव पालथं घातलं, आणि एका दुपारी काकू झोपून उठते तर पडवीत झोपाळ्याच्या नुसत्या कड्या लोंबत होत्या. काकूने आठ दिवस अबोला धरला. तो मोडला तोही एवढंच म्हणायला, "घोडे पंधरा आणलेत, पण हाकणारा तोच ना?"

मशीन चढवलं आणि निराळीच पंचाईत झाली. एवढ्या वजनाने होडी मागे बसली आणि तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, आभाळाकडे बघायला लागली. पुढे चिरे ठेवले तर ते घसरून मागे आले. माणूसच बसवायला हवा होता. माझे यजमान मुंबईला, गड्यांना आपापल्या होड्या. काका पडवीत उभे राहून घरातल्या प्रत्येकाकडे बकरा निवडावा तसे बघत होते. काकूवरून नजर लगबगीने पुढे नेली आणि माझ्यावर थांबले. "सूनबाय, तू चल. वजन हवं, पण बोलणारं नको."

आमच्या घरची बाई कधी नाळेवर बसली नव्हती. काकूने माझ्या ओटीत नारळ घातला आणि हळूच म्हणाली, "घट्ट धर गो. नारळाला नाय, होडीला."

धक्क्यावर दीर आणि तो हॉटेलवाला उभे होते. ओहोटीबरोबर बाहेर जाताना काहीच वाटलं नाही. मुखाशी नारळ सोडला आणि होडी परत वळवली. मशीन ओरडत होतं, फळ्या थरथरत होत्या, पाणी दोन्ही बाजूंनी पळत होतं, पण समोरचा किल्ल्याचा बुरूज काही जागचा हलेना. मी मनात देवीला म्हटलं, झेंडू नको गं. मागून काकांची हाक आली, "सूनबाय, वीतभर पुढे सरक!" मी डोळे मिटून सरकले. नाळ खाली आली, पाण्यात बसली, आणि डोळे उघडून बघते तर बुरूज हळूहळू मागे जात होता. एवढं सुंदर मी आजवर काही बघितलेलं नाही.

हॉटेलवाला फोटो काढून निघून गेला. काकांनी संध्याकाळी होडी आतून कोरडी पुसली. रात्री श्रावणातली एक सर पडून गेली. सकाळी रत्नागिरीची एस्टी धरायच्या आधी दीर होडी बघायला आले, तर तळाला दोन बोटं पाणी. काकांनी चाखलं. "गोडं. पावसाचं आहे."

दीर हसले. "आबा, तुम्हाला आता समुद्रही गोडा लागेल. वहिनी खोटं बोलायची नाही. वहिनी, तू चाख."

मी बोट बुडवलं. खारं होतं. फार नाही, पण होतं. काका माझ्याकडे बघत नव्हते, होडीकडे बघत होते. "गोडं आहे," मी म्हणाले. दिरांनी मान हलवली आणि पिशवी उचलून एस्टीकडे गेले.

त्यांची पाठ वळल्यावर काकांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "सूनबाय, आज आमटीत मीठ बेतानं घाल हां. आपण दोघांनी खाल्लंय." त्याच दुपारी त्यांनी काथ्या कोंबून ती फट बुजवली. मी शेजारी बसून काथ्या पिंजून देत होते.

होडी अजून पाण्यात आहे. काकू पडवीच्या पायरीवर बसते आणि डोक्यावरच्या रिकाम्या कड्यांना नावं ठेवते. होडी काढायची असली की नाळेवर मी बसते. सध्या काका डॉक्टरांच्या कसल्या गोळ्या घेतात, त्यामुळे जिभेची चव गेली आहे. रोज सकाळी मला खाली हाक मारतात, मी बोट बुडवते आणि असेल तसं सांगते. खारं म्हटलं की काथ्याची पिशवी उघडतात. गोडं म्हटलं की माझ्या तोंडाकडे थोडा वेळ बघत राहतात आणि विचारतात, "खरंच ना गो?"