वन्संच्या काठ्यांचा कल

गोल्फच्या काठ्या दिसल्या की मी हात मागे बांधून उभी राहते. एकदा त्या नीटनेटक्या करायला गेले होते. नुसत्या पुसून नव्हे. यंत्रात आवळून, दांडा ओढून, एकेकीची मान मुरगाळून मी त्या एकसारख्या केल्या होत्या, आणि वर शाबासकी मिळणार म्हणून चहाचं आधण ठेवलं होतं. तेव्हा मी तरुण होते, म्हणजे साठीच्या आतली. आपल्याला सगळं कळतं असं वाटायचं ते वयच असतं. काठ्या माझ्या नणंदेच्या, इंदूवन्संच्या. वन्सं आता नाहीत म्हणून एवढ्या धिटाईने सांगते आहे. असत्या तर त्यांनीच सांगितलं असतं, तेही माझी नक्कल करून.

वन्सं आमच्या ह्यांची थोरली बहीण. वडील मालवणकडून येऊन गिरणीत लागलेले. वन्संनी लग्न केलं नाही, मुलुंडच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात नोकरी केली. यंत्राचे सुटे भाग मापात आहेत की नाहीत ते बघायचं काम. निवृत्त झाल्या, पण नजर काही निवृत्त झाली नाही. दिंडोशीला आमच्या घरात पाऊल टाकलं की आधी भिंतीवरच्या तसबिरीकडे बघत. "तिरकी आहे." मग माझ्याकडे. "तू पण." बाई उंच, ताठ, आणि त्या उंचीचा गर्व असा, की माझ्याशी बोलताना मुद्दाम खाली वाकत. "काय गो, खाली हवा कशी आहे?"

कारखान्यातल्या कुणा साहेबाच्या नादाने चाळिशीत गोल्फ शिकल्या आणि मग त्यातच रमल्या. शेजारपाजारच्या गॅलरीत वॉशिंग मशीन, वन्संच्या गॅलरीत काठ्या वाकवायचं यंत्र. क्लबातल्या बायका आपापल्या आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याच्या काठ्या, त्यांच्याकडे घेऊन येत. काठीचं तोंड आभाळाकडे किती वळलंय तो एक कोन, आणि दांडा जमिनीशी किती कललाय तो दुसरा. हे दोन्ही माणसागणिक बदलतात. वन्सं काठीच्या तळाला चिकटपट्टी लावत, फळीवर ठेवलेला चेंडू मारायला सांगत आणि पट्टीवरचा ओरखडा बघत; तळाची दांड्याकडची बाजू ती काठीची टाच, टोकाकडची ती बोटं. "टाचेकडे ओरखडा? काठी फार उभी आहे. बोटांकडे? फार निजलेली. मधोमध? मग बाई, चूक तुमची." एकीने एकदा विचारलं, "मग माझ्यासाठी काय करता येईल?" वन्सं म्हणाल्या, "सराव."

पुढे त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि मी त्यांच्याकडे राहायला गेले. बाई उठल्या, चालायला लागल्या, पण कमरेत वाकूनच. ताठ काही होता येईना. क्लबातल्या मैत्रिणीचा फोन आला तेव्हा मी जवळच होते. "इंदू, सेट विकून टाक ना यार. आपण बागेत फिरायला जाऊ." वन्संनी फोन ठेवला आणि गॅलरीतल्या यंत्रावरचं फडकं काढलं. मग म्हणाल्या, "मी वाकले ते चेंडूला कुठे ठाऊक आहे? मला काठ्यांपर्यंत जाता येत नाही ना, मग काठ्यांना माझ्यापर्यंत आणायचं."

वाकल्यामुळे हात खाली आले होते, म्हणजे प्रत्येक काठी थोडी निजवायला हवी होती. पण काठी वाकवायला यंत्राचा दांडा ओढायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. ते काम माझ्याकडे आलं. पोळ्या लाटून कमावलेले दंड पहिल्यांदाच कुणाच्या कामी आले. त्या स्टुलावर बसून यंत्राच्या कोन दाखवणाऱ्या काट्यावर डोळा ठेवत. "ओढ. अजून. अगो जपून, लोखंड आहे ते, नवरा नव्हे!" एकेक काठी वाकवायची, पट्टी लावायची, मारून बघायची, पुन्हा वाकवायची. सगळ्या मनासारख्या झाल्या तेव्हा त्यांनी मैत्रिणींना कळवलं, रविवारी येते. मला म्हणाल्या, "जमलं तर जमलं. नाही जमलं तर सोमवारी सेट विकायचा. रडारड नाही."

शनिवारी त्या व्यायामाच्या डॉक्टरांकडे गेल्या. मी काठ्या पुसायला घेतल्या. बघते तर प्रत्येकीचा कल निराळा! कुणी जास्त आडवी, कुणी जास्त उभी. वाटलं, माझ्याच ओढण्यात चूक झाली, आणि उद्या चारचौघींत वन्संची शोभा होणार. वास्तविक लांब काठी जरा निजलेली आणि आखूड काठी जरा उभी असायचीच. वन्संनी हे मला सांगितलंही होतं, पण तेव्हा माझं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे. मी सात नंबरची काठी नमुना म्हणून घेतली आणि बाकी सगळ्या तिच्यासारख्या करून टाकल्या.

वन्सं आल्या. एक काठी जमिनीवर टेकवली. मग दुसरी. मग स्टुलावर बसल्या.

"ह्यां काय केलंस गो?"

"एकसारख्या केल्या, वन्सं."

"अख्ख्या घराला एकाच मापाची चप्पल आणतेस काय तू?"

मला हसू आलं आणि लगेच रडू. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या काठीच्या मानेवरून अंगठा फिरवत राहिल्या. "सारखं इकडे तिकडे वाकवलं की लोखंड दमतं. आता किती सोसतंय बघू. चल, पदर खोच."

दिवेलागणीपर्यंत आम्ही त्या परत वाकवल्या. बाकीच्या सोसल्या. चार नंबरची मात्र कट् करून मानेत तडकली. मी डोळ्यांना पदर लावला. वन्संनी ती उचलून कोपऱ्यात ठेवली. "तिच्याने तसाही माझा चेंडू उडत नव्हता. पुढची घे. आणि रडू नको, हात हलतोय तुझा."

रविवारी त्यांची ट्रॉली ओढत मी क्लबात गेले. पहिला फटका डावीकडे झाडीत. दुसरा जेमतेम पुढे घरंगळला. मैत्रिणी सभ्य बायका, लगेच पक्षी बघायला लागल्या. मी मनातल्या मनात माझ्या दंडांना शिव्या घालत होते. तिसऱ्यांदा वन्संनी पाय रोवले, बाक आलेली पाठ तशीच ठेवली आणि काठी फिरवली. टाळी वाजावी तसा आवाज झाला. चेंडू सरळ, अगदी सरळ गेला आणि हिरवळीवर जाऊन थांबला. "झकास, इंदू!" कुणीतरी ओरडलं. वन्सं चेंडूकडे बघत नव्हत्या. काठी उलटी करून तळ बघत होत्या.

निम्म्या खेळापर्यंत त्या खेळल्या. काही फटके बरे, काही वाईट. मग कमरेवर हात ठेवून बाकावर बसल्या आणि मैत्रिणींना पुढे जायला सांगितलं. चेहरा घामाने निथळत होता. मी पाण्याची बाटली दिली आणि सकाळपासून ओठांवर आलेलं बोलून टाकलं, "वन्सं, मी काल घोळ घातला नसता तर आज पूर्ण खेळला असतात. आता उद्या खरंच विकणार का हो सेट?"

त्या उठल्या, ट्रॉलीतून एक काठी काढून माझ्या हातात दिली, माझे खांदे धरून मला गवतावर उभं केलं आणि काठी टेकवायला लावली. तिचा तळ टाचेपासून बोटांपर्यंत गवतावर सपाट बसला होता. तो त्यांनी नीट निरखला आणि म्हणाल्या, "विकायचा कशाला? मी वाकल्यापासून आपण दोघी एकाच उंचीच्या झालोय गो. मार."