पनामाचा तह आणि अक्काची विहीर

पनामाचा तह मला तोंडपाठ होता. धुळ्याच्या कॉलेजात मी इतिहास शिकवायचो आणि अमेरिकेचा साम्राज्यवाद हा माझा हातखंडा विषय. क्यूबा, हवाई, फिलिपाइन्स करत पनामाच्या कालव्यापाशी आलो की माझा आवाज चढायचाच. "कालव्यासाठी जमीन हवी, म्हणून अमेरिकेनं पनामाला कोलंबियातून फुटायला हात दिला. आणि नव्या देशाच्या वतीनं तहावर सही कुणी केली? एका फ्रेंच माणसानं! पनामाची माणसं अमेरिकेत पोचायच्या आत! कालव्याच्या दोन्ही अंगांचा पट्टा अमेरिकेकडे कायमचा, आणि तिथं अमेरिका जणू मालकच!" पोरं बाकं वाजवायची. मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

आता जे सांगतोय, ते मात्र वर्गात कधी सांगितलं नाही.

चोपड्याकडे आमची केळी. बांधाला लागून अक्काचं चार एकर. अक्का नात्यातली नव्हे, शेजारपणानं अक्का. नवरा गेल्यापासून कपाशी एकटीच करायची. बांधावरची विहीर दोघांची सामाईक, निम्मी निम्मी. चार दिवस पाणी आमचं, चार दिवस तिचं.

ऐंशी सालानंतरच्या एका उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती खोल करून मोठी मोटार बसवायचं ठरवलं. खर्च सगळा आमचा. त्यात वाईट काहीच नव्हतं. पण आबांना कागद हवा होता. "तू प्रोफेसर शे, तूच लिख," म्हणाले.

स्टॅम्पपेपर समोर घेतल्यावर या शहाण्याला काय आठवावं? पनामाचा तह! विहीर, मोटार, पाइपलाइन आणि विहिरीकडे जाणारी वाट यांची देखभाल व वहिवाट कायमस्वरूपी आमच्याकडे. आम्ही ती मालक असल्याप्रमाणे करू. अक्काला पाणी आमची गरज भागल्यावर. दोनदा वाचून बघितलं आणि काय झकास उतरलंय म्हणून स्वतःवरच खूश झालो. डाव म्हणून लिहिलं नाही, असं पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत होतो. पण अर्थ कळत नव्हता असं तरी कसं म्हणू? त्या अर्थावर तर मी पगार घेत होतो.

अक्का ओट्यावर आली. कागदाकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, "मन्ही कपाशीले पाणी भेटी ना, भाऊ?"

"भेटी ना, अक्का. घरनंच पाणी शे," मी म्हणालो आणि शाईचं पॅड पुढं केलं.

"तू लिखेल शे म्हंजे मंग काय," असं म्हणून तिनं अंगठा टेकवला.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग आबांनी केळीचा नवा बाग लावला. वीज असायची तेवढी त्या बागेलाच पुरेना. अक्काचे चार दिवस दोनावर आले, दोनाचा एक झाला. ऐन बोंडं धरायच्या वेळी तिची कपाशी मान टाकायची. एका दिवाळीत मी घरी आल्याचं कळताच ती आली. "कागद तू लिखा ना भाऊ, आते तूच सांग आबाले."

सांगतो म्हणालो. आबांपुढं चाचरत विषय काढला. त्यांनी पेटीतून कागद काढून माझ्यापुढं टाकला. "काय लिखेल शे, वाच." झालं! मी तो वाचला आणि घडी घालून परत दिला. त्या केळीच्याच जोरावर मी धुळ्यात घर बांधायला काढलं होतं, हेही डोक्यात होतंच. दुसऱ्या दिवशी एस.टी. पकडायला निघालो तो मागच्या गल्लीनं, अक्काच्या दारावरून जायला नको म्हणून.

त्याच डिसेंबरात अमेरिकेचं सैन्य पनामात उतरलं. धुळ्यात माझं जाहीर व्याख्यान झालं, हॉल गच्च भरलेला. "दुबळ्याची सही घेतली म्हणजे त्याची संमती झाली का?" मी गरजलो. टाळ्यांचा कडकडाट! आणि तेवढ्यात मला अक्काचा शाईनं भरलेला अंगठा आठवला. जीभ अडखळली असेल, असं वाटतंय? छे! दुप्पट जोरात पुढचं वाक्य फेकलं. निर्लज्जपणा म्हणतात तो हाच. त्या टाळ्या आठवल्या की अजून मान वर होत नाही.

काही वर्षांनी आबा गेले. शतक संपताना अमेरिका कालवा परत देणार, हे मी वर्गात शिकवत होतो, आणि तो धडा दोन वाक्यांत उरकून पुढं जायचो. शेवटी नवा कागद लिहिला. विहीर निम्मी निम्मी, चार दिवस अक्काचे, आधीचा कागद रद्द. तो घेऊन सकाळीच तिच्या दारात गेलो. तिनं कपाशी कधीच सोडली होती. पावसावर बाजरी पेरायची आणि एरवी दुसऱ्यांच्या कपाशीत वेचणीला जायची. तेव्हाही भाकरी फडक्यात बांधत होती. मी कागद मोठ्यानं वाचला, तिनं शेवटपर्यंत ऐकला. मी पॅड उघडलं.

"तुन्हा कागदवर मी आते अंगठा देत नही, भाऊ," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पाणी देनं शे ना, ते देई टाक. त्याले कागद कसाले?"

खरंच, कशाला? इतक्या वर्षांत कुठल्याही सुट्टीत विहिरीवर जाऊन मी तिच्या बाजूचा वॉल्व्ह फिरवू शकलो असतो. आबांनी फार तर चार शिव्या घातल्या असत्या. तेवढ्याही मला खायच्या नव्हत्या.

"चाल, उशीर व्हई गया," म्हणत तिनं मला बाजूला व्हायला सांगितलं, दार ओढून घेतलं आणि वेचणीला निघून गेली.