रावुआमाचा आवाज मी नेला

आमच्या बेटावर, वुनिवेरे गावाच्या डोंगरावर फोनचा टॉवर उभा राहिला आणि बातम्यांची पार रया गेली. आता ज्याच्या त्याच्या हातात फोन. मंगळावर काय सापडलं, कुठल्या यंत्राने माणसाला हरवलं, सगळं दुपारच्या जेवणाआधीच कळलेलं असतं. माणसं बघतात, 'हं' म्हणतात आणि बोटाने वर सरकवून टाकतात. अरे, बातमी काय अशी कच्ची खायची असते? तिला आधी सोलायची, किसायची, चांगली पिळून काढायची, मग ती पचते. आणि ते काम रावुआमासारखं कुणालाही जमलं नाही, पुढेही जमायचं नाही.

रावुआमा म्हणजे साधा खोबरं वाळवणारा माणूस. उंच, काटकुळा, गुडघे सदा धुराने काळे. तरुणपणी मालवाहू बोटीवर होता, तेवढ्यावर इंग्रजी शिकला. घरात एक रेडिओ होता, त्याची एरियलची काडी मोडलेली, म्हणून कुंपणाची तार बांधलेली. दिवे लागले की तो रेडिओ कानाला लावून राजधानीच्या, सुवाच्या बातम्या ऐके, मग ऑस्ट्रेलियाच्या ऐके, आणि तिथून थेट नेमानीच्या घरी. नेमानी आमचा गावप्रमुख. त्याच्याकडे रोज यांगोनाची बैठक. लाकडी परातीत त्या मुळांची पूड पाण्यात कालवलेली, करवंटी फिरतेय, पिणारा टाळी वाजवतोय. रावुआमाची पहिली करवंटी रिकामी झाली की सगळे गप्प. तो घसा खाकरायचा आणि म्हणायचा, "बातम्या."

देशाचं राजकारण, भावबिव तो दोन वाक्यांत उरकायचा. त्याला गोडी शोधांची.

"शास्त्रज्ञांनी एका मेंढीपासून हुबेहूब तशीच मेंढी बनवली आहे," त्याने एकदा सांगितलं. "यात नवल काय, सांगा बरं? मेंढ्या सारख्याच दिसतात. वेगळी दिसणारी मेंढी बनवा, मग माझी झोपमोड करा."

बुद्धिबळात यंत्राने माणसाला हरवलं तेव्हा बैठकीत सगळे हळहळले. रावुआमाने विचारलं, "जिंकल्यावर ते हसलं का? शेजाऱ्याला जाऊन सांगितलं का? नाही ना? मग ते जिंकलं कसलं!"

आकाशातल्या उपग्रहाला म्हणे जमिनीवरचा नारळसुद्धा दिसतो. त्यावर तो आठवडाभर चिडून होता. "मग माझा सुरा कुणी नेला ते का सांगत नाहीत?" तो सुरा मी नेला होता. सगळ्या गावाला ठाऊक होतं, त्यालाही.

तो काही विज्ञानाची टिंगल करत होता असं नव्हे हं. उलट वेड होतं त्याला. चंद्राची बातमी असली की तो सगळ्यांच्या आधी बैठकीला येऊन बसायचा. पण जे आवडतं त्यालाच शिव्या घालायच्या, ही आमच्याकडची रीत. आणि त्या रितीनेच आमची गाठ पडली.

माझं माहेर वाइलेवा, पलीकडच्या बेटावर. वाइलेवा आणि वुनिवेरे ही दोन गावं एकमेकांची तौवू. दोघांच्या पूर्वजांचा देव एक. म्हणून एका गावच्याने दुसऱ्याला तोंडाला येईल ते बोलावं, त्याच्या घरातलं हवं ते उचलून न्यावं. ज्याचं गेलं त्याने रागवायचं नाही, नाही म्हणायचं नाही, परत मागायचं नाही. फार तर संधी साधून त्याने दुप्पट उचलून आणावं.

हे सगळं मला माहेरी ठाऊक होतं, पण नवी नवरी होऊन बोटीतून उतरले तेव्हा भीतीने डोकं चालेना. नव्या सुनेने इथे मान खाली घालायची, दिरांशी बोलायचंसुद्धा नाही. आणि किनाऱ्यावर हा लंबू पुढे आला, माझ्या आईने विणलेली सगळ्यात चांगली चटई खांद्यावर टाकली आणि ओरडला, "या या, वाइलेवाच्या माशांची डोकी खाणाऱ्या! एवढी छान चटई तुम्हाला कशाला? तुम्ही तर वाळूत झोपता!" आणि गेला की निघून! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माझा नवरा इनोके कानाशी कुजबुजला, "अगं, तौवू आहे तुझा. रडतेस काय? जा, काहीतरी आण त्याचं."

मी गेले ती थेट त्याच्या चुलीपाशी. अळकुड्या शिजत होत्या. भांडं तसंच्या तसं उचललं, अळकुड्यांसकट. त्याची बायको वारानीसे हसून हसून जमिनीवर बसली. त्या गावात मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले ते त्याच्या दारात. "वुनिवेरेच्या हावरटांनो, आज उपाशी झोपा!" माझाच आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! परक्या गावात सून म्हणून मी वर्षानुवर्षं जीभ दाताखाली धरून राहिले असते. एका माणसाला शिव्या देता आल्या, म्हणून मी टिकले.

मग आमचं चालूच राहिलं. मी त्याचा सुरा नेला, त्याने माझी दोन डुकरं नेली. बैठकीत तो बातमी सांगायचा आणि मी दाराजवळून तिच्यावर कडी करायची. तो म्हणायचा, "समुद्र वर चढतोय असं शास्त्रज्ञ म्हणतात." मी म्हणायची, "तुझे पाय धुवायला येतोय बिचारा. दुसरं कुणी धूत नाही."

अशी आमची वर्षं गेली. मग त्याचा आवाज बसला.

आधी आम्हाला वाटलं सर्दी असेल. "स्टेशन नीट लागत नाही," तो म्हणायचा आणि स्वतःचा कान पिळायचा. पण घरघर काही जाईना. गावच्या परिचारिकेने त्याला बोटीने सुवाला पाठवलं. परत आला त्या संध्याकाळी नेहमीसारखा बसला, करवंटी रिकामी केली आणि म्हणाला, "बातम्या. सुवाच्या दवाखान्यात एक मोठं यंत्र आलंय. माणसाला पोटात घेतं आणि आतलं सगळं बघतं. परवा त्याने वुनिवेरेच्या एका म्हाताऱ्याला गिळलं. त्याच्या घशात एक गाठ सापडली. केवढी? सुपारीएवढी."

मी काय गप्प बसणार? "गाठ कसली! मेंदू घसरून खाली आला असेल!"

सगळे खो खो हसले. तोही हसला, त्या घरघरत्या आवाजात. हसली नाही ती वारानीसे. ती उठून बाहेर गेली. मी मागोमाग गेले, तर ही नीरफणसाच्या झाडाला टेकून तोंडात कपड्याचं टोक कोंबून रडतेय. गंमत नव्हती ती. त्याला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने सांगताच आलं नव्हतं आणि आम्हाला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने ऐकता आलं नव्हतं.

"परदेशातले डॉक्टर येणार आहेत पुढच्या महिन्यात," वारानीसे म्हणाली. "ते गाठ काढतील. पण स्वरयंत्रच काढावं लागेल म्हणतात. मग जगेल तो. पण बोलता येणार नाही, मेरेतुई, कधीच नाही. आणि हा नको म्हणतोय."

गावाने त्याला काय कमी समजावलं? पाद्री आले, प्रार्थना झाली. नेमानी यांगोनाची जुडी घेऊन रीतीने विनवायला गेला. रावुआमाने जुडीला हात लावून मान दिला, टाळ्या वाजवल्या आणि म्हणाला, "रेडिओतून आवाज काढला तर काय उरतं, नेमानी? खोकं. खोक्याला खाऊ घालून काय करायचंय?" वडीलधाऱ्या माणसापुढे याहून जास्त कोण बोलणार? सगळे मान खाली घालून परत आले. इनोके घरी येऊन म्हणाला, "मरणार तो. आणि आपण आदराने बघत बसणार."

मला असा संताप आला! आदर, आदर! आदर काय चाटायचाय? मी भांडी घासत होते, तशीच ओल्या हातांनी उठले.

रावुआमा दारात खोबरं फोडत बसला होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले, बसलेदेखील नाही. आमच्याकडे याहून मोठा उद्धटपणा नाही. "तौवू," मी म्हटलं, "आज मी न्यायला आलेय."

"ने," तो घरघरला. "कोंबडी ने. कोयता ने. रेडिओ तेवढा ठेव."

"रेडिओ तुझ्या उरावर ठेव. मला तुझा आवाज हवाय."

त्याचा हात थांबला.

"तो मी नेला," मी म्हटलं. "आत्तापासून तो माझा. तुझ्या घशात आहे तो फक्त ठेवायला. डॉक्टर माझी वस्तू काढतील, तुझी नाही. तुला नाही म्हणता येत नाही आणि रागावताही येत नाही. रीत मोडणार असशील तर तसं सांग, मी साऱ्या वाइलेवाला कळवते."

त्याने हातातला नारळ खाली ठेवला. मला वाटलं, आता हा रागावणार, आणि रागावला तर सगळंच संपलं. वारानीसे आतून ऐकत होती.

"चोर," तो शेवटी म्हणाला. "वाइलेवाचे सगळे चोरच."

"जन्मजात."

"माशांची डोकी खाऊन खाऊन अशी बुद्धी होते." त्याने डोळे पुसले. "कधी नेणार?"

"सोमवारच्या बोटीने."

"मग तोवरच्या बातम्या मला सांगू देशील? भाड्याने दे हवं तर."

आणि त्याने सांगितल्या. रविवारी बैठकीला आख्खं गाव आलं होतं, माणसं खिडक्यांना लोंबकळत होती. विश्व म्हणे रोज वाढतंच चाललंय, अशी बातमी होती. "घर वाढवायचं तर वाढवा," रावुआमा घरघरला, "पण म्हाताऱ्यांना विचारून तरी वाढवा. संडास आधीच लांब आहे." मग त्याने एकेकाला नावानिशी शिव्या दिल्या. नेमानीला, पाद्र्यांना, इनोकेला, मला तर दोनदा. एकालाही वगळलं नाही. हसता हसता लोक रडत होते आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

सुवाला मी बरोबर गेले. माझी वस्तू होती ना! गळ्याला भोक आणि त्यावर फडकं बांधून तो परत आला, पण जिवंत आला. डॉक्टरांनी त्याला गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. बैठकीत त्याने ते लावलं, आणि पत्र्याच्या डब्यात भुंगा कोंडावा तसा आवाज निघाला. पोरं पळाली, गावातली झाडून सगळी कुत्री भुंकायला लागली. तरी त्याने बातमी पुरी केलीच. "विज्ञानाने माणसाला आवाज दिला. कुत्र्यांना पसंत नाही." ते यंत्र त्याने परत लावलं नाही, घरात पडून ते खाऱ्या हवेने कुजलं, आणि मला वाटतं, त्याला बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून बैठक मुकी. करवंटी फिरतेय, टाळ्या वाजताहेत, बोलत कुणी नाही. शेवटी नेमानीच करवादला, "काय गं मेरेतुई, आवाज तू नेलास ना? मग वापर की! दुसऱ्याची होडी आणून कुणी उलटी घालून ठेवतं का?"

मी? बायकांच्या कोपऱ्यातून उठून परातीसमोर? पण रावुआमाने सरकून जागा करून दिली. मी घसा खाकरला. पहिली बातमी इतकी रटाळ सांगितली की कुणाच्या तोंडावरची माशी उठली नाही. रावुआमाने मला करवंटीचा तुकडा फेकून मारला. मग मात्र मी चिडले, आणि चिडल्यावर मला सुचायला लागलं. रोज संध्याकाळी तो रेडिओ घेऊन माझ्या दारात यायचा, मी ऐकायची, मग बैठकीत सांगायची. विनोद पडला की तुकडा बसायचा. जमला की तो नुसता गदगदा हलायचा. आवाजाशिवाय हसणारा माणूस बघितलाय कधी? डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि सगळं शांत.

एक गोष्ट मात्र मला छळत होती. मी एवढं मोठं नेलं आणि त्याने बदल्यात काहीच उचललं नाही. ना डुक्कर, ना भांडं. तौवू असा नसतो. कित्येक वर्षं वाट बघितली मी. मला वाटायला लागलं, हा मनातून रागावला तर नाही? रीत म्हणून गप्प बसला, पण मला माफ केलं नसेल तर? रात्रीची झोप उडावी असा तो विचार.

एकदा टॉवरच्या नव्या नवलाईत बातमी आली की कशाचंही उत्तर देणारं यंत्र निघालंय, माहीत नसलं तरी ते ठासून सांगतं. मी म्हटलं, "म्हणजे नेमानीच की!" बैठक कोसळली. रावुआमा पोट धरून हलत होता. त्या हशातच मी त्याच्याकडे वळले आणि बोलून गेले, "तौवू, एक सांग. तू माझ्याकडून कधी नेणार आहेस? डुक्कर ने, चूल ने, इनोकेला ने. पण ने बाबा काहीतरी."

त्याने हलायचं थांबवलं. माझ्या तोंडाकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या कानाकडे. मग परातीभोवती बसलेल्या सगळ्यांवरून हात फिरवला, गाठोडं बांधल्यासारखं केलं, ते खांद्यावर टाकलं आणि आपल्या घराची दिशा दाखवली. आणि बोटांनी खूण केली. रोज.

माझ्या बातम्या, सगळ्यांचा हशा, रोज घरी नेत होता तो. मला कळलंच नव्हतं.

मी पुढ्यातली करवंटी उचलली आणि एका दमात रिकामी केली. कुणीतरी विचारलं, "संपल्या का बातम्या?" मी नाक पुसलं आणि पुढची सांगितली.

रावुआमा गेला त्याला आता दोन पावसाळे झाले. झोपेत गेला, गाठीने नाही. त्याची आठवण येते हो, रोज येते. बैठक अजून भरते, फोन खिशात घालायला लावते मी सगळ्यांना. बातम्या सांगते, लोक हसतात, टाळ्या वाजवतात. मग उठतात आणि आपापल्या घरी जातात, आणि माझ्या बातम्या तिथेच परातीपाशी पडून राहतात. न्यायला कुणी येत नाही.