डॉक्टरांशी मी मनात केलेला सौदा

“मोठा अटॅक आहे. मुख्य नळी बंद झालीये,” नाशिकचे डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, “संध्याकाळपर्यंत सोडाल ना? उद्या लिलाव आहे.”

लासलगावात हमाली करत मी कांद्याचा व्यापारी झालो. अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे बंद नळी फुग्याने उघडून आत जाळी बसवली. मी आयसीयूत होतो तेव्हा धाकटा भाऊ सुनील लिलावात माझ्या जागी उभा राहिला, आणि मी घरी आल्यावरही तिथून हललाच नाही.

नंतर कार्डियाक रिहॅब सुरू झालं, म्हणजे देखरेखीखाली व्यायाम. चालण्याआधी आणि नंतर बीपी मोजतात. सोबत बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके आणि रक्तदाब आवरणारी गोळी, सकाळ-संध्याकाळ.

समोरच्याने सांगितलेल्या पहिल्या भावात मी जन्मात कधी माल घेतलेला नाही. डॉक्टर दोन गोळ्या सांगतात म्हणजे एकीत भागत असणार, असं मी धरलं आणि एकच घेऊ लागलो. बरं वाटल्यावर तीही बंद केली.

तिसऱ्या आठवड्यात फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, “एकशे नव्वद, खाली एकशे दहा. काका, आज व्यायाम नाही. डॉक्टर येईपर्यंत बसा.”

“मशीन खराब आहे तुमचं!”

दुसऱ्या मशीनवरही तेच आलं. ते मी उचलून भिंतीवर आपटलं.

शेजारी व्यायामाची सायकल मारणारे आजोबा म्हणाले, “मॅडम, आता भिंतीचं बीपी बघा.”

सगळे हसले. मी डॉक्टरांना न भेटताच निघालो आणि थेट लासलगावच्या बाजार समितीत गेलो. सुनील माझ्या जागी कांद्याच्या ट्रॅक्टरपाशी बोली लावत होता. कॉलर धरून त्याला खेचलं आणि तोंडावर ठोसा मारला. ओठ फाटला. त्याने हात उचलला नाही.

“मार दादा, पण आधी खाली बस. लय घाम आलाय तुला.”

दुसरा ठोसा उगारला आणि छातीत कळ आली. मी कांद्यांवर कोसळलो. त्यानेच मला गाडीत घालून नाशिकला आणलं. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हाताने तोंडावर रुमाल.

“गोळ्या चालू होत्या?” डॉक्टरांनी विचारलं. मी खरं सांगितलं.

“मी भाव सांगितला नव्हता, डोस सांगितला होता. ही गोळी अचानक सोडली की बीपी उसळतं. थोडक्यात वाचलात.”

तुम्हालाही गोळ्या जास्त वाटत असतील तर डॉक्टरांशी समोरासमोर भांडा. मनानं कमी करू नका.

सुनीलला तीन टाके पडले. लिलावातल्या जागेचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. तरी आठ दिवसांनी माफी मागायला त्याच्या घरी गेलो.

“गोळी घेतली?” त्याने दारातच विचारलं.

“घ्यायचीये.”

तो आत जाऊन पाणी घेऊन आला.