ज्वारीच्या कट्ट्यातला व्हिडिओ गेम

सई आणि ईशान,

तुम्ही पाठवलेल्या गेमच्या यंत्राबद्दल माझा पहिला अभिप्राय असा, की ते ज्वारीत चांगलं टिकतं.

सई, तू म्हणाली होतीस, "आजी, पहिल्या आठवड्यात कसं वाटलं ते लिहून पाठव. मुद्देसूद!" मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं आहे, मुद्दे काढायला मला कुणी सांगावं लागत नाही. वहीत ते काढलेही होते. आकार: शाळेतल्या पाटीएवढा. बाजूच्या दोन मुठी: चुंबकाने चिकटतात, ओढल्या की निघतात (पहिली निघाली तेव्हा मोडली असं वाटून मी दोन पेले पाणी प्यायले). टीव्हीजवळच्या खोबणीत ठेवलं की चित्र टीव्हीवर, उचललं की हातात. म्हणजे एकाच यंत्राची दोन रूपं. तुमच्या आजोबांचंही तसंच आहे, घरात एक आणि पारावर एक. चौथा मुद्दा लिहायच्या आत घोटाळा झाला.

मुळात मला त्या यंत्राची धास्तीच होती. ईशान, फोनवर तू "हं आजी, बरा आहे," म्हणतोस आणि पळतोस. पण रविवारी सकाळी नऊला आपण तिघं गाड्यांची शर्यत लावणार आणि तू माझ्याशी तासभर बोलणार, असं सईने ठरवून दिलं होतं. एक तास! माझ्या लेखी ते यंत्र नव्हतंच, तुझा एक तास होता. म्हणून टेबलावर ठेवलं तर पडेल, कपाटात ठेवलं तर गुदमरेल, खिडकीपाशी ठेवलं तर माकड नेईल, अशा चिंतेत मी पाच दिवस काढले.

शनिवारी मैत्रिणीबरोबर कपिलधारला जायचं होतं. आजोबा शेतात, घराला कुलूप. आता घर बंद करून जाताना मोलाची वस्तू कुठे ठेवायची? माझ्या सासूबाई परगावी लग्नाला निघाल्या की पाटल्या ज्वारीत खुपसून जायच्या. चोर कपाट फोडतो, पेटी फोडतो. ज्वारी उपसत बसायला त्याला सवड नसते. मोठ्या कोठीत किडे लागू नयेत म्हणून पावडर टाकलेली होती, ती यंत्राला बाधली असती. म्हणून नुकत्याच निवडलेल्या ज्वारीचा एक कट्टा, म्हणजे लहान पोतं, उघडला, यंत्र उशीच्या अभ्र्यात गुंडाळलं, कोपरापर्यंत हात घालून खाली सारलं आणि कट्ट्याचं तोंड सुतळीने शिवून टाकलं. टाके अगदी एकसारखे!

कपिलधारच्या धबधब्यासमोर दिवसभर माझ्या डोक्यात एकच काळजी होती: गॅस बंद केला का? यंत्राची काळजी तेवढी नव्हती.

चार वाजता परत आले. गॅस बंद होता. कट्टा नव्हता.

"अहो, इथला ज्वारीचा कट्टा कुठे गेला?"

"सप्त्याला दिला," माझ्याआधीच शेतातून परतलेले आजोबा बशीतला चहा फुंकत म्हणाले. मारुतीच्या देवळात हरिनाम सप्ताह सुरू होता आणि शेवटच्या दिवशीच्या पंगतीसाठी घरोघरची ज्वारी गोळा होत होती.

"तोच कशाला? कोठीतली का नाही दिली?"

"तूच म्हणतीस ना, देवाला द्यायचं ते निवडून द्यावं म्हणून? आयता शिवलेला दिसला, उचलला."

मी खाली बसले. "अहो, त्यात... मी एक वस्तू ठेवली होती."

आजोबांची बशी हलली. "पाटल्या?"

"नाही हो, पाटल्या नाही..."

पण ऐकतं कोण! फोन कानाला लागला होता. "तात्या, थांबव बे सगळं! हिच्या पाटल्या ज्वारीत गेल्या!"

तात्या हे सप्त्याचे कारभारी. आम्ही देवळापाशी पोचलो तेव्हा ताडपत्रीवर अख्ख्या गावाची ज्वारी एकत्र ओतलेली होती आणि तीस-चाळीस माणसं तिच्यात कोपरापर्यंत बुडालेली होती. भजन थांबलं होतं, कारण टाळकरीही पाटल्या शोधत होते.

"किती तोळ्याच्या व्हत्या ओ बाई?" गयाबाईने विचारलं. ज्वारी चाळायचं काम तिच्याकडे होतं.

"सोनं नाही गं. यंत्र आहे. खेळायचं."

"कुणाच्या खेळायचं?"

"माझ्या."

गयाबाईने चाळणी खाली ठेवली. "बाई, सोनं हाय तर सरळ सांगा की. आमी काय खाऊन टाकणार हाव का? ह्या वयात तुमी खेळताव, ह्ये कोण खरं मानंल?"

"खरंच खेळते गं! गाड्यांची शर्यत!"

"बाईला लई धक्का बसलाय," गयाबाई शेजारणीला हळूच म्हणाली. "पाणी आण गं जरा."

तात्यांना मात्र माझा चेहरा बघून पटलं असावं. "बाई, आसं करतो, माईकवरच सांगतो."

"नको हो तात्या! अजिबात नको!"

तोवर कर्णा खरखरला होता. "ऐका हो! आपल्या शाळंच्या इंग्रजीच्या बाईंचा व्हिडिओ गेम ज्वारीत हरवला हाय! ज्याला घावंल त्यानं तसाच आणून द्यावा. कुणी खेळत बसू नये!"

मुलांनो, या गावातल्या दोन पिढ्यांच्या खिशातून मी गोट्या, भोवरे आणि पत्ते काढून घेतले आहेत. कान धरून, "अभ्यास सोडून खेळ सुचतात?" असं विचारून. ते सगळे कान त्या क्षणी मंडपात हजर होते. आणि सगळे हसत होते.

ढीग चाळून संपला. यंत्र नाही.

मग तात्यांनी कपाळावर हात मारला. "आरं तिच्या! पाच कट्टे तर मघाशीच गिरणीला धाडले की! तोंडं शिवलेली व्हती, म्हणलं निवडलेलीच आसल."

माझे एकसारखे टाके!

आजोबांच्या मोटारसायकलवर मागे बसून मी गिरणीकडे निघाले. एरवी आजोबा बैलापेक्षा जोरात गाडी हाकत नाहीत. त्या दिवशी त्यांनी एसटीला मागे टाकलं आणि मी डोळे मिटून फक्त एवढाच विचार करत होते, की ईशानला काय सांगायचं? "बाळा, आपला तास दळला गेला"? आणि लांबूनच गिरणीचा आवाज ऐकू आला. चालू होती!

आत धावले. तीन कट्टे रिकामे. गिरणीवाला माणिक चौथा कट्टा उचलून गिरणीच्या तोंडाशी नेत होता. सुतळीचे टाके मी ओळखले.

"स्टॉप!" मी ओरडले. वर्गात ओरडत असे तशी.

माणिक माझाच विद्यार्थी. आता त्याचा मुलगा लग्नाचा आहे. पण आवाज ऐकताच तो ताठ उभा राहिला आणि दोन्ही हातांची घडी छातीवर गेली. हात घडीत गेल्यावर कट्टा कोण धरणार? तो खाली पडला, फुटला, आणि ज्वारीच्या लोटाबरोबर माझा फुलाफुलांचा अभ्रा बाहेर आला.

"बाई, म्या काय केलं?"

"काही नाही रे. बस खाली."

तो खरोखरच खाली बसला.

मी अभ्रा उघडला. घाईत कुठलं बटण दाबलं ते आजही सांगता यायचं नाही. पडदा उजळला. मागोमाग आलेले गयाबाई, तात्या आणि अर्धा मंडप माझ्या खांद्यावरून वाकून बघू लागले. लाल गाडी दिसली आणि मला एकदम रडू फुटलं.

"आगं बया," गयाबाई म्हणाली, "बाई खरंच खेळत्यात!"

"बरं, आन पाटल्या?" आजोबा अजून ज्वारी उपसतच होते.

"त्या माझ्या हातात आहेत हो! सकाळपासून!"

रविवारी बरोबर नऊला शर्यत झाली. ईशान, तू ठरल्याप्रमाणे तासभर माझ्याशी बोललास. मुख्यतः "आजी, उजवीकडे! आजी, उजवीकडे!" एवढंच, पण तासभर. माझी गाडी सारखी डावीकडे कुंपणात शिरत होती. "सवय होईल गं आजी," असं सई समजुतीने म्हणाली, आणि वरची सगळी हकिकत मी तुमच्यापासून लपवली.

सोमवारी यंत्र पुसताना मला डाव्या मुठीवरच्या फिरत्या दांडीच्या मुळाशी ज्वारीचा एक दाणा अडकलेला दिसला. काय आनंद झाला म्हणून सांगू! म्हणजे दोष माझा नव्हताच! मी चष्मा लावून, सुईने, श्वास रोखून तो दाणा काढला. दांडी अगदी मोकळी फिरू लागली. काल तुम्ही पुन्हा खेळायला बोलावलंत तेव्हा मी मोठ्या ऐटीत बसले. बारा गाड्यांत बारावी आले.

तो दाणा मी टाकून दिलेला नाही. पुढच्या शर्यतीआधी तो परत आत बसवावा म्हणते. निदान कारण तरी राहील!

तुमची आजी