डिकीतला हिवाळा

माझ्या बायकोच्या काकांइतका तयारीचा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसावा. पृथ्वी म्हणजे अर्थात कॅनडातलं एडमंटन. काकांच्या लेखी पृथ्वीचा दखल घेण्याजोगा भाग तिथेच संपतो. संकट येणार, ते थंडीच्या रूपानेच येणार आणि नेमकं आपण गाडीत असताना येणार, यावर त्यांची जी श्रद्धा आहे तशी मी देवळातसुद्धा पाहिलेली नाही. हिवाळ्यात तिथले सगळेच लोक डिकीत थोडंफार सामान ठेवतात. काकांच्या डिकीत मात्र बर्फ उपसायचं रुंद फावडं, घसरणाऱ्या चाकाखाली टाकायला वाळूची गोणी, बॅटरी बसली तर जोडायला बूस्टर केबल, कराडहून आलेली गोधडी, अडकलेल्या गाडीत ऊब मिळावी म्हणून पत्र्याच्या डब्यात उभी केलेली मेणबत्ती, काड्यापेटी, गूळ-शेंगदाणे आणि माणशी एक लोकरीची टोपी, एवढा संसार बारा महिने मुक्कामाला असतो. एकदा भर जुलैत मी भीतभीत विचारलं, "काका, निदान फावडं तरी काढून ठेवायचं का?" त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "जावईबापू, स्नो काय तुम्हाला मेसेज करून येणार आहे?" मी डिकी बंद केली.

हे 'जावईबापू' प्रकरणही जरा समजावून सांगायला हवं. मी कॅल्गरीत एका तेल कंपनीत इंजिनियर होतो आणि काकांहून चांगला तीसेक वर्षांनी लहान. पण लग्नाच्या दिवसापासून त्यांनी मला जे 'अहो-जाहो' सुरू केलं ते कायमचं. वृंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, ते खुशाल "वृंदे, भांडी घास" म्हणतील. मी स्वतःचा कप जरी बेसिनपर्यंत नेला तरी घराण्याची अब्रू गेल्यासारखा त्यांचा चेहरा होतो. एका डिसेंबरात मी त्यांचा ड्राइव्हवे शोव्हल करायला घेतला. काका सपाता घालून तसेच बाहेर धावले आणि माझ्या हातातलं फावडं हिसकावून घेत कुजबुजले, "अहो, शेजारचा बघतोय! जावयाकडून बर्फ काढून घेतो म्हणेल!" शेजारी एक ऐंशीचा युक्रेनियन म्हातारा होता. जावयाचा मान ही काय चीज आहे हे त्या बिचाऱ्याला ठाऊक असण्याचं काहीच कारण नव्हतं. तो आपला हात हलवून "हॅलो" म्हणाला. काकांना मात्र त्या हॅलोतही टोमणा ऐकू आला.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे त्यांचं गाडी चालवणं. काका गाडी चालवायचे तेव्हा फक्त रस्ता बघायचे. चाळीसहून अधिक वर्षं ते दर उन्हाळ्यात काकूंना घेऊन रॉकीजमध्ये जॅस्परला जात होते, आणि त्यांनी तिथला एकही डोंगर नीट पाहिलेला नव्हता. काकू शेजारी बसून सगळं सांगायच्या. "अहो, डावीकडे बघा, केवढं सरोवर! अहो, अस्वल! पिल्लू पण आहे!" काका दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, मान तसूभरही न वळवता म्हणायचे, "असू दे." वृंदा म्हणायची, काकांनी रॉकीज पाहिले ते काकूंनी काढलेल्या फोटोंत. यामागचं कारण काकूंनी आम्हाला एकदा सांगितलं होतं. कॅनडातला त्यांचा पहिलाच हिवाळा होता, मुलगा पोटात होता, आणि त्याच रस्त्यावर काकू ओरडल्या होत्या, "अहो, ते हरीण बघा!" काकांनी बघितलं. गाडी घसरून सरळ खड्ड्यात गेली. एक शेतकरी ट्रक घेऊन येईपर्यंत काका आपला कोट काकूंच्या पोटावर धरून बसून होते. हरीण खरंच सुंदर होतं, असं काकू म्हणतात. त्या दिवसापासून काकांनी रस्त्यापलीकडे काही पाहिलं नव्हतं आणि डिकीतला हिवाळा काही हलवला नव्हता.

तेलाचे भाव कोसळले आणि माझी नोकरी गेली, त्या वर्षी जून महिन्यात काकांच्या मुलाचा व्हँकुव्हरहून फोन आला. येत्या हिवाळ्यात काकांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होणार होती, आणि त्या वयाला लायसन्ससाठी डॉक्टरांची तपासणी लागते. गेल्या काही महिन्यांत काकांनी गॅरेजचं दार पूर्ण उघडायच्या आत गाडी आत घातली होती, आणि एक लाल दिवा त्यांना दिसलाच नव्हता. "डॉक्टरने लायसन्स काढून घेतलं ना, तर डॅड विल ब्रेक," तो म्हणाला. "ही शुड गिव्ह इट अप हिमसेल्फ. मी बोललो की भांडण होतं. तुम्ही जावई आहात, तुम्हाला ते नाही म्हणणार नाहीत." योगायोगाने काकूंना त्याच सुमाराला अमेरिकेतलं वाळवंट बघायचं होतं. "एकदा तरी बर्फाला घाबरावं लागत नाही अशी जागा बघू दे," एवढंच त्यांचं म्हणणं. तेव्हा ठरलं असं, की आम्ही दोघांनी सोबत जायचं, वाटेत हळूहळू स्टिअरिंग माझ्या हातात घ्यायचं, आणि परत येईपर्यंत किल्ली काकांनी आपण होऊन खाली ठेवावी असं काहीतरी घडवायचं. नोकरी गेलेल्या माणसाला हे एक काम मिळालं म्हणून मी खूश होतो.

पहिल्याच दिवशी कळलं की मुलाचा हिशोब साफ चुकला होता. "काका, मी चालवतो थोडा वेळ," मी म्हणालो. काकांनी किल्ली मुठीत घट्ट धरली. "जावयाला ड्रायव्हर करू? लोक काय म्हणतील?" आम्ही मोंटानात होतो. दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत गवत होतं आणि लोक म्हणून जे होते ते गाईगुरांच्या रूपात. मी हा मुद्दा मांडून पाहिला. वृंदानेही मांडून पाहिला. काकूंनी मला डाळिंबी रंगाची एक गोळी चघळायला दिली आणि नजरेनेच सांगितलं, सोडून द्या. ज्या मानामुळे काका माझं ऐकतील असं ठरलं होतं, त्याच मानामुळे ते मला स्टिअरिंगला हात लावू देत नव्हते.

त्याआधी सीमेवरची गंमत सांगायची राहिली. अमेरिकन अधिकाऱ्याने डिकी उघडायला लावली आणि तो बराच वेळ नुसता बघत राहिला. "सर, यू नो इट्स जून?" काका म्हणाले, "येस. आफ्टर दॅट, विंटर." मग त्याने गोणीला हात लावला. यात काय आहे? वाळू. कुठे चाललात? युटा, ॲरिझोना. "यू आर टेकिंग सँड टू द डेझर्ट?" यावर काकांनी अतिशय गंभीरपणे सांगितलं, "आय डोन्ट नो द क्वालिटी देअर." अधिकाऱ्याने आतून आणखी दोघांना बोलावलं. तपासणीसाठी नव्हे, त्यांनाही बघायला मिळावं म्हणून. जाताना तिघांनी आम्हाला हात केला.

पुढे युटातल्या मोटेलवर तर कहर झाला. एडमंटनच्या गाड्यांना पुढून एक वायर लोंबत असते; थंडीत इंजिन गोठू नये म्हणून ती रात्री प्लगमध्ये लावून ठेवायची असते. उन्हाने डांबर मऊ झालं होतं, आणि काका पार्किंगच्या भिंतीला हात लावत लावत प्लग शोधत होते. मालक गुजराती निघाले. "भाईसाब, गाडी का प्लग किधर है?" काकांनी विचारलं. ते गृहस्थ आदराने म्हणाले, "अच्छा, इलेक्ट्रिक गाडी है?" "नहीं," काका म्हणाले, "एडमंटन की गाडी है." मालकांनी आम्हाला एक खोली वरच्या दर्जाची दिली. मला वाटतं, त्यांना काकांची काळजी वाटली असावी.

आणि मग ते लाल जग सुरू झालं. मी बरंच जग पाहिलंय असं मला वाटत होतं. ते चूक होतं. मॉन्युमेंट व्हॅलीच्या त्या खोऱ्यात आम्ही उतरलो तेव्हा वृंदाने खिडकीची काच खाली केली. सपाट तांबड्या जमिनीतून एकेक कातळ सरळ आभाळात उभा, आणि दोन कातळांमध्ये इतकी मोकळी जागा की तिथे आवाज करायलाही संकोच वाटावा. काकूंचं सुरू झालं, पण अगदी हलक्या आवाजात. "अहो, उजवीकडे... अहो, किती मोठं आहे हे... मला सांगताच येत नाहीये." काका म्हणाले, "असू दे." मला त्या क्षणी काकांचा राग आला. एवढं आणून ठेवलंय समोर, आणि हा माणूस खाचखळगे मोजतोय!

तो रस्ता कच्चा होता. समोरून एक जीप आली. काकांनी सभ्यपणे गाडी कडेला घेतली, आणि उजवी चाकं मऊ वाळूत बसली. ॲक्सिलरेटर दाबला तशी आणखी खाली गेली. जीपवाला आपल्याच धुरळ्यात दिसेनासा झाला. आम्ही तिघं घाबरलो, पण काकांच्या चेहऱ्यावर मात्र विलक्षण शांती पसरली. सबंध आयुष्य ज्या पाहुण्याची वाट बघितली तो अखेर दारात आला होता. ते उतरले, पँट वर खोचली आणि म्हणाले, "वृंदे, डिकी उघड."

पुढे जे पाहिलं त्याने मी थक्क झालो. पंच्याहत्तरीला टेकलेला तो माणूस बर्फाच्या फावड्याने चाकासमोरची वाळू अशी सफाईने बाजूला करत होता की बघत राहावं. गोधडी चाकाखाली अंथरली गेली. गोणी फाडून एडमंटनची वाळू वाळवंटात ओतली गेली, आणि क्षणात कुठली कोणती ते कळेनासं झालं. "क्वालिटी सारखीच निघाली, काका," वृंदा म्हणाली. आता एकाने स्टिअरिंगवर बसायचं आणि बाकीच्यांनी ढकलायचं. आणि इथे काका एकदम अडले. जावयाला स्टिअरिंगवर बसवावं तर तो ड्रायव्हर होतो, ढकलायला लावावं तर हमाल. फावड्यावर हात टेकून ते खरोखर विचारात पडले. शेवटी वळून म्हणाले, "अगं, तू बस."

काकू एका इस्पितळात नर्स होत्या. आपल्या छोट्या गाडीने त्यांनी तीसेक हिवाळे कामावर ये-जा केली होती. पण काका कधी त्यांच्या शेजारी बसले नव्हते. एका गाडीत दोन ड्रायव्हर नकोत, म्हणायचे. काकूंनी सीट पुढे ओढली, आरसा खाली केला. काका मागून सूचना देत होते, त्यांतली एकही काकूंनी ऐकली नाही. थोडं मागे, थोडं पुढे, पुन्हा मागे, असे झोके देत त्यांनी गाडी हलवली, आम्ही ढकललं (मीही, काकांनी दुसरीकडे पाहिल्यासारखं केलं), आणि गाडी गोधडीवरून उसळून बाहेर पडली. एकदा सुटली की थांबायचं नाही, हे बर्फातलं शहाणपण. काकू थांबल्या नाहीत. कडक जमीन लागेपर्यंत जातच राहिल्या.

काका फावडं धरून उभे राहिले. गाडी लहान लहान होत गेली, आणि तिच्यामागे जाता जाता काकांची नजर वर गेली. कातळावर गेली, तिथून आभाळात गेली, आणि मग परत खाली आलीच नाही. किती वेळ ते तसे उभे होते कोण जाणे. मी जवळ गेलो तेव्हा ते म्हणाले, "जावईबापू, केवढं आहे हे!" त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "आणि ती चालवते छान, नाही?"

आम्ही चालत गाडीपर्यंत पोचलो. काकू सवयीने शेजारच्या सीटवर सरकायला लागल्या. काकांनी काचेवर टकटक केलं. "राहू दे. बस तिथेच. मला जरा बघायचंय." आणि ते वळसा घालून पलीकडच्या दाराने आत बसले. मागच्या सीटवर वृंदाने माझा हात घट्ट धरला. गाडी निघाली. शंभर पावलंही गेली नसतील तोच काका ओरडले, "अगं, अगं, उजवीकडे बघ!" काकू समोर बघत शांतपणे म्हणाल्या, "असू दे."

त्या हिवाळ्यात काका डॉक्टरकडे गेलेच नाहीत. "गरज नाही," त्यांनी मुलाला फोनवर सांगितलं, "घरात ड्रायव्हर आहे." नव्या गोणीत नवी वाळू भरली गेली, गोधडी धुऊन पुन्हा डिकीत गेली. पण गॅरेजमध्ये गाडी आत जाताना काका बाजूला उभे राहून नुसतं बघत, तेव्हा त्यांचा रिकामा उजवा हात उगीचच खिशात किल्ली चाचपायचा. ते बघून मला वाईट वाटायचं. मला दिलेलं काम झालं होतं, पण त्याचा आनंद असा काही झाला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात दोघं जॅस्परला जाऊन आले. परत येताना आमच्याकडे कॅल्गरीला थांबले. काका दमून झोपले होते. स्वयंपाकघरात वृंदाने काकूंना विचारलं, "काय, यंदा डोंगर पाहिले का काकांनी?" काकू चहा गाळत होत्या. "पाहिले ना. मला मात्र काही दिसलं नाही बाई, रस्ता सोडून." मग गाळणं बाजूला ठेवून म्हणाल्या, "पण ऐक. वाटेत प्रत्येक वळणावर सांगत होते. इथे तू सरोवर दाखवलं होतंस. इथे अस्वल, पिल्लासकट. इथे त्या वर्षी ढग खाली आले होते. एकसुद्धा चुकले नाहीत. आणि जिथे आम्ही खड्ड्यात गेलो होतो ना, तिथे मला गाडी थांबवायला लावली. म्हणाले, ते हरीण खरंच सुंदर होतं." काकूंनी पदराने डोळे पुसले. "इतकी वर्षं मला वाटायचं, मी काचेशी बोलतेय."